गोष्ट उरकली, गेम चालूच

२७ एप्रिल २०२१ रोजी ‘गिल्ड वॉर्स २’ या ऑनलाइन गेममध्ये दोन महाकाय ड्रॅगन एकाच प्रसंगात संपले. बर्फाचा जॉर्मॅग आणि आगीचा प्रिमॉर्डस. प्रिमॉर्डसची चाहूल खेळाडूंना २००७ सालीच, पहिल्या ‘गिल्ड वॉर्स’च्या ‘आय ऑफ द नॉर्थ’ या भागात लागली होती. चौदा वर्षे ज्याची वाट पाहिली त्या शत्रूचा निकाल एका लढाईत लागला, आणि ती लढाईही त्याच्या एकट्याच्या वाट्याला आली नाही. त्या दिवसापासून या गेमच्या चाहत्यांमध्ये जी नाराजी आहे ती अजून ओसरलेली नाही. ती नाराजी रास्त आहे असे मला वाटते. ऑनलाइन गेममधल्या कथाकथनाचे आज नेमके कुठे बिनसले आहे, हेही तिच्यातून कळते.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अशा गेमची कथा एकदम हाती येत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी एक प्रकरण येते, हजारो लोक ते एकाच आठवड्यात खेळतात, मग पुढच्या प्रकरणापर्यंत तर्क लढवत बसतात. मराठी वाचकाला ‘क्रमशः’चे अप्रूप नाही, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ‘करमणूक’मधून अशीच हप्त्याहप्त्याने लोकांपर्यंत पोहोचली. फरक एवढाच की इथे वाचक स्वतः कथेत असतो. पात्राचा चेहरा त्याने घडवलेला असतो, नाव त्याने दिलेले असते, आणि कथेतली माणसे त्याच्याकडे पाहून बोलतात. म्हणून कथा मोडली की त्याला ते आपल्याशी मोडलेले वचन वाटते.

‘गिल्ड वॉर्स २’मधले वचन तर डोळ्यांना दिसणारे होते. ऑगस्ट २०१२मध्ये गेम आला तेव्हापासून नॉर्न लोकांच्या होलब्राक या राजधानीतल्या मोठ्या सभागृहात जॉर्मॅगचा एक दात ठेवलेला आहे. या ड्रॅगनने नॉर्न लोकांना उत्तरेतून हुसकावून लावले, त्या पराभवातून आणलेली ही एकमेव वस्तू. जो या दाताला तडा पाडील तो जॉर्मॅगला मारील, अशी लोकांची श्रद्धा. नव्या खेळाडूने तिथे जावे, दातावर घाव घालावा, काहीही होऊ नये, आणि त्याने पुढे निघावे. साडेचार वर्षांनी, २०१७च्या फेब्रुवारीत, ब्राहम नावाच्या तरुण नॉर्नने मंतरलेल्या धनुष्यातून बाण सोडला आणि दाताला तडा गेला. आई गमावलेला, रागाने पेटलेला, मित्रांशी भांडलेला हा मुलगा. पुढची लढाई आता त्याची आहे, एवढे सगळ्यांना कळले.

२०१९च्या सप्टेंबरात ‘आइसब्रूड सागा’ ही कथामाला सुरू झाली ती याच जोरावर. तिचा पहिला अर्धा भाग मी या प्रकारातल्या उत्तम लेखनात धरतो. ब्योरा मार्चेस नावाच्या बर्फाळ मुलखात तुम्ही फिरत असता आणि जॉर्मॅग कानाशी कुजबुजतो. धमकी देत नाही, समजूत काढतो. तू दमला आहेस, तुझे सोबती तुला समजून घेत नाहीत, मी घेतो, या सुरात. आधीचे ड्रॅगन आदळआपट करणारे होते. याला बोलता येत होते, आणि त्याचे म्हणणे अधूनमधून पटतही होते. एका बाजूला ‘चार’ नावाच्या जमातीतली यादवी, बाप रिटलॉक आणि मुलगा रायलंड परस्परांविरुद्ध उभे. असा शत्रू, अशी घरातली फूट आणि त्यात तडा गेलेला तो दात. इतका दारूगोळा फार कमी गेमना लाभतो.

मग सागा मध्येच आखडली. तिचे गणित पाहिले तर कारण समजते. अरीनानेट या स्टुडिओने फेब्रुवारी २०१९मध्ये १४३ माणसांना कामावरून कमी केले होते. त्यानंतर जाहीर झालेली ही सागा म्हणजे विकत घ्यायच्या मोठ्या विस्ताराला पर्याय, अशी मांडणी होती. २०२०मध्ये स्टुडिओने सांगितले की मोठा विस्तारही येणार आहे, ‘एंड ऑफ ड्रॅगन्स’. त्यात कोविड आला. मे २०२०चे प्रकरण तर पात्रांच्या आवाजाविनाच प्रसिद्ध करावे लागले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ‘चॅम्पियन्स’ हे शेवटचे प्रकरण चार तुकड्यांत सुरू झाले तेव्हा नवे प्रदेश थांबलेले होते. जुन्याच नकाशांवर छोट्या मोहिमा, त्याच त्या, पुन्हा पुन्हा. स्टुडिओची ताकद कुठे वळली होती हे खेळाडूला कोणी सांगायची गरज उरली नव्हती.

शेवटच्या लढाईत, ‘ड्रॅगनस्टॉर्म’मध्ये, खेळाडू दोन बाजूंत विभागतात, बर्फ आणि आग दोघांनाही सारखे दुबळे करतात, आणि ते दोघे एकमेकांवर आदळून संपतात. लढाई देखणी आहे, हे मान्य करायलाच हवे. पण ब्राहमला ऐन वेळी आगीच्या ड्रॅगनचा योद्धा बनवून टाकले आहे. रायलंड मरतो, आणि त्याच्या आईबापांना त्याचा शोक करायला कथेत जागाच मिळत नाही. कुजबुजणारा जॉर्मॅग, ज्याच्याशी वाद घालायला आपण दीड वर्ष तयार होत होतो, त्याचा तो वाद कधी होतच नाही. दाताची गोष्ट तांत्रिक अर्थाने पुरी होते. प्रिमॉर्डसला तर स्वतःचे म्हणणे सुद्धा मिळाले नाही.

याला मी उरकणे म्हणतो, आणि बंद पडणे यापेक्षा वाईट मानतो. पुष्कळांना हे पटणार नाही. गेम निदान चालू राहिला ना, शेवट निदान मिळाला ना, असे ते म्हणतील. त्यांनी ‘सिटी ऑफ हीरोज’चे पुढे काय झाले ते पाहावे.

‘गिल्ड वॉर्स २’प्रमाणे हा गेमही एनसीसॉफ्ट या कोरियन कंपनीच्याच छत्राखालचा. २००४ साली सुरू झालेला. तुम्ही स्वतःचा महानायक घडवायचा, त्याला पोशाख आणि पूर्वकथा द्यायची, आणि पॅरागॉन सिटी नावाच्या शहराचे रक्षण करायचे. २०१२च्या ऑगस्टअखेर पॅरागॉन स्टुडिओज बंद करत असल्याची घोषणा झाली. पुढचा भाग चाचणीच्या सर्व्हरवर तयार होता. मोठ्या संकटाची चाहूल देणारे कथानक कित्येक महिने रचत आणले होते. ते तसेच हवेत राहिले. सप्टेंबरात खेळाडू अ‍ॅटलस पार्कमधल्या पुतळ्यापाशी आपापल्या पात्रांच्या हातात मशाली घेऊन जमले. गर्दी इतकी झाली की त्या चौकाच्या एकामागून एक प्रती उघडाव्या लागल्या. ३० नोव्हेंबरला सर्व्हर बंद झाला.

पण ती कथा मेली नाही, कारण ती कोणी चुकीची संपवली नव्हती. गेम बंद झाल्यावर तिथल्या काही लेखकांनी चाहत्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली, संकट कोणते होते, कोणत्या पात्राचे काय होणार होते ते सांगितले. २०१९मध्ये उघड झाले की गेमची प्रत काही जणांनी गुपचूप जिवंत ठेवली होती. त्यातून ‘होमकमिंग’ नावाचा स्वयंसेवकांचा सर्व्हर उभा राहिला आणि जानेवारी २०२४मध्ये खुद्द एनसीसॉफ्टने त्याला परवाना दिला. राहिलेला भाग तिथे खेळता येतो, स्वयंसेवक नवी प्रकरणे लिहितात. मधल्या सात वर्षांचे दुःख मी कमी लेखत नाही. मुद्दा हा की तुटलेल्या जागी नवे जोडता आले. जॉर्मॅगला मात्र कोण परत आणणार? तो अधिकृतपणे मेला आहे, आणि पुढच्या सगळ्या कथा त्याच्या मरणावर उभ्या आहेत.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरी अवस्था आहे, लोंबकळण्याची. फनकॉम या नॉर्वेजियन कंपनीचा ‘द सिक्रेट वर्ल्ड’ २०१२मध्ये आला. लेखनाच्या दृष्टीने त्या काळातला हा सर्वांत धाडसी ऑनलाइन गेम. किंग्समथ या अमेरिकी बेटावरच्या गावात गटारांच्या झाकणांवरच्या खुणांचा माग काढत जायचे, बायबलमधला संदर्भ हुडकायचा, कोडे सोडवायला गेमबाहेरच्या खऱ्या जगातली माहिती धुंडाळायची. लोक एकटे बसून, वही-पेन घेऊन हा गेम खेळत. २०१७मध्ये तो ‘सिक्रेट वर्ल्ड लेजंड्स’ म्हणून नव्याने आणला आणि जुन्या खेळाडूंना पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. २०१८मध्ये दक्षिण आफ्रिकेतले कथानक आले, आणि मुख्य कथा तिथेच थांबली. बंदची घोषणा नाही, शेवटही नाही. चाहत्याला धड सुतकही पाळता येत नाही.

या सगळ्याचे खापर लेखकांवर फोडण्याची चाहत्यांना सवय आहे, आणि ती मला मुळीच पटत नाही. लेखकाला पाच प्रकरणांचा आराखडा दिला जातो, तिसऱ्या प्रकरणाला माणसे दुसऱ्या कामावर जातात, चौथ्याला तारीख पुढे-मागे होते, आणि पाचव्यात उरलेले सगळे बसवायला सांगितले जाते. कथेचा खर्च आणि कथेची विक्री यांचा मेळ या धंद्यात कधीच बसलेला नाही. एक प्रकरण तयार करायला महिने लागतात, ते खेळून संपायला एक संध्याकाळ पुरते. त्याच पैशांत पोशाख आणि वाहने विकली तर उत्पन्न जास्त. म्हणून आकडा आक्रसला की पहिली कात्री कथेला लागते. या कलेला सुरुवात करता येते, लांबवता येते. तिच्या हिशोबात शेवटाचे खाते उघडलेलेच नसते.

शेवट करता येतो, याची उदाहरणे आहेत. त्यांतले सर्वांत मोठे अपयशातूनच निघाले. २०१०च्या सप्टेंबरात आलेला ‘फायनल फँटसी १४’ इतका फसला की त्या वर्षअखेर स्क्वेअर एनिक्सने सूत्रे नाओकी योशिदा यांच्याकडे दिली. गेम मोडून पुन्हा बांधायचा ठरला. जुना गेम नुसता बंद करता आला असता. त्याऐवजी आकाशात एक लाल चंद्र दिसू लागला, दालामूद. दर काही आठवड्यांनी खेळाडू मान वर करत आणि तो आधीपेक्षा मोठा झालेला असे. बाजारात सौदा करताना, मित्राची वाट पाहताना, डोक्यावर तो. जगाचा अंत जवळ येतो आहे हे कोणत्याही संवादाशिवाय कळत होते. ११ नोव्हेंबर २०१२ला सर्व्हर बंद झाला तो चंद्र फुटून आतून बहामूट नावाचा ड्रॅगन बाहेर पडण्याच्या दृश्यावर. ऑगस्ट २०१३मध्ये ‘अ रिल्म रिबॉर्न’ आला तेव्हा त्या जगातल्या लोकांना जुने वीर आठवत होते, पण त्यांचे चेहरे आठवत नव्हते. आठवू गेले की प्रकाशच दिसे. जुन्या खेळाडूंनी तिथे घालवलेल्या दोन वर्षांना कथेत जागा दिली गेली. एका फसलेल्या गेमने आपल्या माणसांचा एवढा मान राखला.

त्याच गेमने डिसेंबर २०२१मध्ये ‘एंडवॉकर’मधून दहा वर्षांची कथा संपवली, आणि लोक नवी कथा खेळायला थांबले. निन्टेन्डो आणि सायगेम्स यांच्या ‘ड्रॅगॅलिया लॉस्ट’ने मार्च २०२२मध्ये सांगितले की मुख्य कथा पूर्ण करू आणि मगच थांबू. कथा पूर्ण झाली, ३० नोव्हेंबरला गेम बंद झाला. तिथेही चाहते रडले. पण फसवले गेल्याची भावना त्यात नव्हती.

अरीनानेटलाही काही उमगले असावे. २०२३पासून तिथे लहान विस्तार येतात, प्रत्येकाची कथा साधारण वर्षभरात सुरू होऊन संपणारी. या कथांना ‘आइसब्रूड’च्या सुरुवातीची उंची नाही. शेवट मात्र असतो, आणि मी तो सौदा स्वीकारतो.

चाहत्यांच्या चळवळीतही एक उणीव आहे. उबिसॉफ्टने मार्च २०२४अखेर ‘द क्रू’ बंद केल्यावर ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. विकलेला गेम बंद करताना तो खेळण्याजोग्या अवस्थेत सोडा, ही तिची मागणी. २०२५च्या जुलैत तिच्या युरोपीय नागरिक-याचिकेने १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. मागणी न्याय्य आहे. पण ती वस्तूच्या मालकीची आहे. आठ प्रकरणे सांगून पाच दिली, आणि पाचव्यात आठांचा चुराडा भरला, याला कोणत्या याचिकेत जागा आहे? त्यावर बोट ठेवणे हे समीक्षेचे काम, आणि गेमची समीक्षा आजही चित्रे कशी दिसतात आणि यंत्र किती तापते याच्या पुढे क्वचितच जाते.

आपल्याकडे हा प्रश्न लांबचा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२०मध्ये आला तेव्हा त्यातल्या वास्तुशिल्पाचे जगभर कौतुक झाले आणि शेवट अचानक येतो ही तक्रारही झाली. तो ऑनलाइन गेम नव्हता, म्हणून शेवट आवडला नाही तरी गेम विकत घेणाऱ्यापाशी राहिला. पुण्या-मुंबईत उबिसॉफ्टचे स्टुडिओ आहेत, मराठी मुले-मुली या धंद्यात आहेत, आणि उद्या क्रमशः चालणारी कथा त्यांच्यापैकी कोणाच्या हाती येईल. त्यांना माझे एवढेच मागणे आहे: पहिले प्रकरण बाहेर पडण्याआधी शेवटचे लिहून ठेवा, त्याचा खर्च वेगळा काढून ठेवायला मालकांना भाग पाडा, आणि माणसे कमी झाली तर मधली प्रकरणे गाळा, शेवटाला हात लावू देऊ नका.