चाललेली भिंत व कोसळलेलें कुसूं

मराठी संतवाङ्मयांत दोन भिंतींच्या कथा सुप्रसिद्ध आहेत. एक आळंदीची. वाघावर बसून, सापाचा चाबूक करून येणाऱ्या चांगदेवास सामोरें जाण्यासाठीं ज्ञानदेवादि भावंडांनीं ती चालविली. दुसरी मंगळवेढ्याची. गांवकुसाचें काम चाललें असतां ती कोसळली आणि तिच्याखालीं चोखामेळा व त्याच्याबरोबरचे मजूर गाडले गेले. पहिली कथा चित्रांत, कीर्तनांत व पोथ्यांत सर्वत्र भेटते. दुसरीचा उल्लेख इतिहासविषयक लेखांत बहुधा एका मितीपुरता येतो, परंपरेनें ती मिति शके १२६० (इ. स. १३३८) ची मानिली आहे. मितीचा निर्णय करणें हें संशोधकाचें कर्तव्य खरें. परंतु तेवढ्यानें त्या कथेंतील ऐतिहासिक द्रव्य संपत नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या विचारास अहमदनगर जिल्हा (इ. स. २०२४ पासून अहिल्यानगर) विशेष अनुकूल आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ त नेवाशास सिद्ध झाली. तेथील पैस खांब अद्याप दाखवितात. ज्याच्यासाठीं भिंत चालली त्या चांगदेवाची समाधि याच जिल्ह्यांत गोदातीरीं पुणतांब्यास आहे. आणि ‘भक्तविजय’ (शके १६८४) रचून या कथा घरोघर पोंचविणारा महिपति हा राहुरी तालुक्यांतील ताहाराबादचा. तो कुळकर्णी होता. संतचरित्रांवांचून अन्य कामास लेखणी लावावयाची नाहीं, असा त्यानें निश्चय केल्याचें परंपरा सांगते. गांवचें दप्तर लिहिणारा हात संतांची चरित्रें लिहूं लागला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कारण गांवकुसाच्या आंत कोण, बाहेर कोण, व कोणीं कोणतें काम करावयाचें, हें कुळकर्ण्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

प्रथम चाललेल्या भिंतीचा विचार करूं. वाघावरील सिद्ध व भिंतीवरील संत यांची ही कथा केवळ वारकऱ्यांची नव्हे. हिंदुस्थानांतील सूफी अवलियांच्या चरित्रांतहि ती वेगवेगळ्या नांवांनीं आढळते. सायमन डिग्बी या अभ्यासकाचा इ. स. १९९४ त प्रसिद्ध झालेला लेख याच विषयावर आहे. यावरून मूळ कथा कोणाची, असा वाद घालण्याचा मोह होतो. आमच्या मतें त्यापेक्षां महत्त्वाचें हें कीं, भिंतीची कथा पंथांच्या भिंती ओलांडून गेली. ज्या जिल्ह्यांत श्रीगोंद्याच्या शेख महंमदानें ‘योगसंग्राम’ (इ. स. १६४५) मराठींत रचिला, तेथें याचें नवल वाटूं नये. तथापि या कथेंत एक उणीव राहते. येथें भिंत हें केवळ वाहन आहे. ती कोणीं बांधिली, कोणास आंत घेण्यासाठीं व कोणास बाहेर ठेवण्यासाठीं बांधिली, हा प्रश्न कथा विचारीत नाहीं. जड वस्तूहि ज्ञानियाची आज्ञा पाळते, एवढाच तिचा सिद्धान्त.

कोसळलेल्या कुसवाची कथा नेमकी याच प्रश्नापासून सुरू होते. गांवकूस, चावडी व वेस यांची डागडुजी हें महारांच्या वतनी कामांपैकीं एक होतें. ज्या भिंतीच्या बाहेर राहावयाचें तीच भिंत आपल्या हातांनीं उभारावयाची. रक्षण आंतल्यांचें, श्रम बाहेरच्यांचे. नामदेवाच्या नांवावरील अभंगांप्रमाणें विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून चोखोबाच्या अस्थि ओळखण्यांत आल्या व पंढरपुरास महाद्वारापाशीं त्यांस समाधि दिली. म्हणजे एका भिंतीखालीं मरण आलें आणि दुसऱ्या भिंतीबाहेर विसावा मिळाला. त्या दुसऱ्या भिंतीचें दार अस्पृश्यांस उघडावें म्हणून इ. स. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींस उपोषण करावें लागलें.

यावर असा आक्षेप येईल कीं, नामदेवाच्या गाथेंत विष्णुदास नामादि पुढील कवींची रचना मिसळली आहे, अस्थींतून नाम उमटणें हा चमत्कार आहे, तेव्हां हा पुरावा इतिहासास कितपत उपयोगी? आक्षेपाचा पूर्वार्ध आम्हांस मान्य आहे. पण त्यानें पुराव्याचा काळ पुढें सरकतो. पुरावा नाहींसा होत नाहीं. कथा चमत्कार कल्पील. ज्या रोजच्या व्यवहारावर तो चमत्कार उभा असतो, तो कल्पिण्याचें तिला कारण नसतें. हा अभंग रचणाऱ्यास व ऐकणाऱ्यांस, महार कुसवाच्या कामावर असणें व तेथें मरणें, यांत अपूर्व असें कांहींच वाटलें नाहीं. तें न वाटणें हाच पुरावा होय. आणखी एक गोष्ट. नाम उमटलें तें एकाच्या अस्थींतून. त्याच दरडीखालच्या इतरांचीं नांवें कथेसहि ठाऊक नाहींत.

याच दृष्टीनें नगरच्या कोटाकडे पाहावें. इ. स. १५५९ ते १५६२ या काळांत हुसेन निजामशहानें मातीचा कोट काढून दगडी बांधिला. १५९५-९६ च्या मोगली वेढ्यांत सुरुंगानें पडलेलें खिंडार चांदबिबीनें रातोरात बुजविलें. फिरिश्त्यानें तिचें शौर्य गौरविलें तें यथायोग्यच. पण त्या रात्रीं दगड वाहणारांपैकीं एकाचेंहि नांव इतिहासांत नाहीं. उलट, इ. स. १९४२ ते १९४५ या काळांत याच भिंतींआड पंडित नेहरू, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव आदि पुढारी बंदींत होते. नेहरूंचा भारताच्या शोधाचा ग्रंथ व आझादांचीं ‘गुबार-ए-खातिर’ मधील पत्रें तेथेंच लिहिलीं गेलीं. १९४३ त पत्नीच्या मृत्यूची वार्ता आझादांस तेथेंच ऐकावी लागली. भिंतीच्या आंत कोंडलेल्यांचें दुःख अक्षरबद्ध झालें, कारण त्यांच्या हातीं लेखणी होती. भिंत बांधणारांस आपलें दुःख आपल्या लेखणीनें सांगण्यास फार वाट पाहावी लागली. अकोले तालुक्यांतील धामणगांवच्या दया पवार यांचें ‘बलुतं’ इ. स. १९७८ त प्रसिद्ध झालें, तेव्हां महार वतन कायद्यानें रद्द होऊन वीस वर्षें लोटलीं होतीं. चोखोबाच्या अभंगापासून या ग्रंथापर्यंतचा धागा जोडून वाचल्याशिवाय दोहोंचेंहि मोल कळावयाचें नाहीं.

संग्राहकांस यांतून एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. दगडी कोट टिकतात. मातीचीं कुसवें विरघळतात आणि पांढरीची माती खत म्हणून शेतांत जाते. तेव्हां त्या भिंतींची साक्ष आतां कागदांतच शोधावी लागणार. पोथ्यांसाठीं आपण वाडे व मठ धुंडितों. तितक्याच आस्थेनें गांवकुसाबाहेरच्या वारकरी घरांतील अभंगांचीं बाडें पाहावीं, आणि बाड कोणत्या घरांतून मिळालें हें त्यावर अवश्य नोंदवावें. मोडी दप्तरांतील कुसवाच्या डागडुजीच्या, वेठीच्या व बलुत्याच्या याद्या किरकोळ म्हणून बाजूस सारूं नयेत. सनदेवर शिक्का असतो, म्हणून ती जपली जाते. यादीवर बहुधा नुसतीं माणसांचीं नांवें असतात. मंगळवेढ्याच्या कथेस जीं नांवें सांपडलीं नाहींत, तशीं नांवें मिळण्याची आशा असल्यास ती अशा याद्यांतच आहे.