तिसरं पाऊल कुणाच्या डोक्यावर?

जयंत नारळीकरांच्या एका कादंबरीचं मराठी नाव आहे 'वामन परत न आला'. तीच कादंबरी इंग्रजीत 'द रिटर्न ऑफ वामन' या नावाने मिळते. म्हणजे मराठीत तो येत नाही आणि इंग्रजीत येतो! नाव बदलण्यामागे काय विचार होता हे बाजूला ठेवू. पण आज ही दोन नावं शेजारी ठेवली, तर एआयबद्दलच्या आपल्या सगळ्या गप्पा त्यात मावतात. एक गट म्हणतो, काही होत नाही, माणूस शेवटी सांभाळून घेतो. दुसरा म्हणतो, तो येतोय, सावध राहा. मला ही कादंबरी आवडते, आणि तिच्याशी माझं भांडणही आहे. दोन्ही सांगते.

आधी गोष्ट, जेवढी सांगता येईल तेवढी. दक्षिण भारतात एका प्रयोगासाठी जमिनीत खोल खणताना एक भलीमोठी पेटी सापडते. हजारो वर्षांपूर्वीच्या, आपल्यापेक्षा कितीतरी पुढे गेलेल्या संस्कृतीने तिच्यात आपलं ज्ञान भरून ठेवलंय. शास्त्रज्ञ ते वापरायला लागतात, आणि त्यातून पुढे घडतो एक यंत्रमानव, वामन. हुशार, कामाचा. त्याला फक्त एकच गोष्ट हवी असते, स्वतःसारखे दुसरे वामन घडवण्याची क्षमता. दरम्यान या शोधावर डोळा ठेवून असलेली मंडळी आहेतच. आणि एक प्रश्न मागे रेंगाळत राहतो: एवढी प्रगत माणसं होती, तर ती गेली कुठे? पुढचं सांगत नाही. एका बैठकीत वाचून होणारं पुस्तक आहे.

ऐंशीच्या दशकातली ही कादंबरी. तेव्हा संगणक ही वातानुकूलित खोलीत चपला बाहेर काढून बघायची वस्तू होती. तरी नारळीकरांनी ज्या भीतीवर बोट ठेवलं, ती आज रोज बातम्यांत असते. यंत्राने यंत्र घडवणं. आजची एआय मॉडेलं कोड लिहितात, आणि नवी मॉडेलं शिकवायला जुन्या मॉडेलांनी लिहिलेला मजकूर वापरला जातो. या तंत्रज्ञानाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, जेफ्री हिंटन, २०२३ मध्ये गूगल सोडून बाहेर पडले आणि धोक्याबद्दल मोकळेपणाने बोलायला लागले. पुढच्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. वामनची मागणी पुढ्यात आल्यावर अस्वस्थ होणारे कादंबरीतले शास्त्रज्ञ मला हिंटनच्या मुलाखती बघताना आठवतात.

पण मला त्यातलं सर्वांत खरं वाटतं ते वेगळंच. पेटीतल्या ज्ञानाचा वापर आधी सुरू होतो आणि त्याचा पूर्ण अर्थ नंतर लागतो. यंत्र उभं राहिलेलं असतं, चालत असतं, सगळे खूश असतात, आणि ज्यांनी हे ज्ञान ठेवलं त्यांच्यावर काय वेळ आली हे वाचायचं अजून बाकी असतं. आजची मोठी भाषा-मॉडेलं अशीच आहेत. अब्जावधी वाक्यांवरून पुढचा शब्द कोणता येईल हे ती शिकतात, एवढं बनवणाऱ्यांना ठाऊक असतं. एखादं उत्तर नेमकं आत कसं तयार झालं, हे मात्र त्यांनाही अजून पूर्ण सांगता येत नाही. वापर पुढे, वाचन मागे. नारळीकरांनी हा क्रम बरोबर पकडला.

नाशिकला नारळीकर वाचण्याचं एक निमित्त आहे. डिसेंबर २०२१ मध्ये इथे ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. भुजबळ नॉलेज सिटीच्या आवारात कुसुमाग्रज नगरी उभी राहिली, आणि अध्यक्ष होते नारळीकर. विज्ञानकथा लिहिणारा माणूस त्या खुर्चीसाठी निवडला गेला, ही मराठीसाठी मोठी गोष्ट होती. तब्येतीमुळे ते येऊ शकले नाहीत. मग अध्यक्ष का आले नाहीत, यावर आपल्याकडे भरपूर चर्चा झाली, त्यांनी काय लिहिलंय यावर त्या मानाने फार कमी. जेमतेम वर्षभराने, ३० नोव्हेंबर २०२२ला, चॅटजीपीटी सगळ्यांच्या हातात आलं. वामनवर बोलायची वेळ आपण थोडक्यात चुकवली. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले.

त्यांच्या कथालेखनाची सुरुवात कशी झाली, ती हकिकत इथे सांगायलाच हवी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली की हे नाव तयार होतं. आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून हा खटाटोप. अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून कथा मंगला नारळीकरांच्या हस्ताक्षरात लिहून घेतली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लिहिणारा कोण हे न कळता मजकूर जोखला जावा, ही त्यांची इच्छा होती. आज एखाद्या कथास्पर्धेच्या परीक्षकाला नेमकी उलटी चिंता असते: हे लिहिणारं कुणी आहे का?

आता भांडण.

नारळीकरांची माणसं पातळ असतात, अशी तक्रार मराठी समीक्षेत जुनी आहे आणि ती मला मान्य आहे. 'वामन'मधली माणसं बोलायला लागली की थोड्याच वेळात सगळी एकाच आवाजात बोलतात, नीटनेटक्या, समजावून सांगणाऱ्या. एखाद्याला राग आला तरी तो मुद्देसूद येतो. पण विज्ञानकथेत कल्पनाच नायक असते, असं म्हणून हे माफ करता येतं. माझी अडचण त्याहून मोठी आहे. या कादंबरीचा सगळा भर ज्ञान असणाऱ्या, निर्णय घेणाऱ्या माणसांवर आहे. वामनला ती क्षमता द्यायची की नाही, हे ठरवणारे मूठभर. त्यातले बहुतेक सज्जन. जगाचं काय होणार हे त्यांच्या खोलीत ठरतं. खोलीबाहेर ज्यांचं काहीतरी जाणार आहे, ते कुठेत?

असे लोक त्या काळात नव्हते असं नाही. कादंबरीच्याच दशकात बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना संगणकांविरुद्ध उभ्या होत्या. यंत्रं आणि संगणक कुठे, किती आणायचे यावर १९८३ मध्ये संघटना आणि बँकांच्या व्यवस्थापनात रीतसर करार झाला. तुमच्या घरात कुणी त्या पिढीतले बँकवाले असतील तर विचारा, तेव्हाच्या घोषणा अजून पाठ असतील. आज आपण त्या आंदोलनाला हसतो. पण त्यांनी एक गोष्ट केली होती जी आपण करत नाही आहोत. यंत्र आत येण्याआधी त्यांनी टेबलावर बसून अटी घातल्या. नारळीकरांच्या भविष्यात या माणसांना जागा मिळाली नाही.

आणि इथे कादंबरीचं नाव मला नडतं. वामन म्हटलं की पुराणातली गोष्ट आली: बटू येतो, तीन पावलं जमीन मागतो, शुक्राचार्य सावध करतात, बळी तरीही देतो, तिसरं पाऊल त्याच्या डोक्यावर पडतं. रूपक म्हणून ते चपखल आहे, छोटी मागणी आणि अफाट पाऊल. पण मराठी मुलखात ही गोष्ट वामनाच्या बाजूने ऐकली जात नाही हो! इथे शेतकऱ्याला बळीराजा म्हणतात. दिवाळीत पाडव्याला ओवाळताना आयाबाया बळीच्या राज्याची वाट बघतात. महात्मा फुल्यांनी १८७३च्या 'गुलामगिरी'त वामनाला बाहेरून येऊन राज्य हिरावणारा म्हणून उभं केलं आणि बळीला आपला राजा मानलं. एवढा सगळा ऐवज मराठीत पडून असताना नारळीकर वामन उचलतात आणि बळीला जवळपास सोडून देतात. त्यांच्या गोष्टीत दान देणारे शास्त्रज्ञ आहेत. पण पाऊल ज्याच्या डोक्यावर पडतं तो तोच असतो का, जो दान देतो? पुराणात हो. आपल्या काळात नाही.

हे मला माझ्या कामावरून कळतं. मी नाशिकमध्ये शेतीविषयक माहितीपत्रकांची, औषधांच्या लेबलांची मराठी भाषांतरं करते. गेल्या दोन वर्षांत माझं काम 'भाषांतर' राहिलेलं नाही, ते 'तपासणी' झालंय. मजकूर यंत्राकडून होऊन येतो, मी तो सरळ करायचा, आणि शब्दामागचा दर निम्म्याहून खाली. तक्रार करायला समोर यंत्र नसतंच, एक ईमेल असते.

एकदा द्राक्षांवरचं माहितीपत्रक आलं. त्यात सगळीकडे 'रोपांची छाटणी' असं होतं. आता निफाड-दिंडोरीकडच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा. द्राक्षाच्या वेलीला वर्षातून दोन छाटण्या लागतात. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, पुढच्या हंगामाची काडी तयार व्हावी म्हणून. ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, म्हणजे गोडी छाटणी, माल धरण्यासाठी. दोन्हींची औषधं वेगळी, पाणी वेगळं, दिवस मोजण्याची सुरुवात वेगळी. छाटणीपासून अमुक दिवसांनी फवारा असं लिहिलं असेल आणि कुठली छाटणी ते कळत नसेल, तर त्या कागदाचा उपयोग काय? यंत्राने इंग्रजीतल्या एका शब्दाला मराठीतला एक शब्द दिला. बरोबर दिला, शब्दकोशाच्या हिशेबाने. पण ज्यांनी 'खरड' आणि 'गोडी' हे शब्द घडवले त्यांनी ते इंटरनेटवर फारसे लिहिलेच नाहीत, ते बागेत बोलले.

एआयचा धोका म्हणजे कोणीतरी महाबुद्धिमान यंत्र एके दिवशी अमर्याद मागणी करेल, असं नारळीकर सुचवतात. असेल. मी त्याला नाही म्हणत नाही. पण आधीची पावलं इतकी लहान आहेत की ती मागितली गेली हेही कळत नाही. आपण ऑनलाइन लिहिलेलं सगळं मॉडेलांच्या पोटात गेलं, कुणी विचारलं नाही. मग त्याच पोटातून आलेला मजकूर स्वस्त म्हणून कामं गेली किंवा अर्धी झाली. तिसऱ्या पावलाबद्दल अंदाज बांधत बसायला मला वेळ नाही, पहिल्या दोनांचीच मोजणी झालेली नाही.

पावलं मोजण्यावरून आठवलं, आणि हे विषयांतर नाही. २७ ऑगस्ट २००३ला नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी झाली, ३९ जण गेले. पुढच्या, २०१५च्या कुंभात इथल्याच काही मुलांनी 'आशिओतो' नावाची चटई आणली. जपानीत या शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. चटईवर पाय पडला की दाब मोजला जातो, किती माणसं गेली ते कळतं, गर्दी कुठे साचतेय ते पोलिसांना दिसतं. या कामात एक शाळकरी मुलगा पुढे होता. नाशिकमध्येच वाढलेले आणि आता एमआयटीत असणारे रमेश रासकर यांनी चालवलेल्या 'कुंभथॉन'मधून अशी बरीच कामं उभी राहिली होती.

मला त्या चटईतलं काय आवडतं? ती पाऊल मोजते आणि माणसाला ओळखत नाही. तुमचं नाव, चेहरा, जात, मागच्या वेळी कुठल्या घाटावर होतात, काहीच तिला नको. तिला फक्त एवढंच हवं, की इथून आत्ता कितीजण गेले. २०२७च्या सिंहस्थासाठी एआय कॅमेऱ्यांच्या गोष्टी सुरू आहेत. गर्दीत जीव वाचत असतील तर मी त्याच्या विरोधात नाही, २००३ ज्यांना आठवतं त्यांच्यापैकी कुणीच नसेल. पण कॅमेऱ्याला चटईपेक्षा किती जास्त हवंय, आणि मेळा संपल्यावर ते सगळं कुठे राहणार, हे आधी विचारायला हवं. बँकवाल्यांसारखं, टेबलावर बसून.

म्हणून मला 'वामन परत न आला' आजही वाचण्यासारखी वाटते, पण उलट बाजूने. वाचताना वामनकडे बघू नका. पेटीतला मजकूर पूर्ण वाचून होईपर्यंत थांबा म्हणणारं कुणी आहे का, तिकडे लक्ष ठेवा. कादंबरीत सगळं वळण त्या वाचनावर अवलंबून आहे, आणि नारळीकरांनी त्याला रोबोपेक्षा कमी प्रकाश दिलाय, हे मला खटकतं. तरी तो धागा त्यांनी ठेवला, हे त्यांचं मोठेपण.

पुढची मराठी विज्ञानकथा कुणी लिहीत असेल, तर माझी एक मागणी आहे. प्रयोगशाळेतून सुरुवात करू नका. दिंडोरीच्या एखाद्या बागेतून करा. एप्रिल आहे, खरड छाटणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत, आणि बागायतदाराच्या फोनवरचं अ‍ॅप त्याला सांगतंय की काय कापायचं. अ‍ॅपला 'खरड' हा शब्द कळत नाही. बागायतदाराच्या मुलीला कळतो, आणि अ‍ॅपला तो शिकवायचा की नाही, हे ती ठरवतेय.