युवा लेखक योजना आणि कलेतिहासाचा ग्रंथ

केंद्र सरकारच्या शिक्षणखात्यानें २९ मे २०२१ रोजीं जाहीर केलेली व नॅशनल बुक ट्रस्टकडे सोंपविलेली 'युवा' योजना होतकरू लेखकास अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखालीं ग्रंथ लिहावयास लावते. पहिल्या खेपेस तिशीच्या आंतील ७५ लेखकांची निवड व्हावयाची होती. प्रत्येकास दरमहा ५०,००० रुपयांप्रमाणें सहा महिने विद्यावेतन, व ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर शेंकडा १० स्वामित्वधन, असें तिचें स्वरूप होतें. मराठीस तींत स्थान आहे. २०२२ मध्यें दुसरी व २०२५ मध्यें तिसरी आवृत्ति निघाली. या सांच्यांतून तरुण कलेतिहासकार निपजेल काय, एवढाच प्रश्न येथें विचारार्थ घेतला आहे.

प्रथम गुण सांगणें न्याय्य होय. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करविल्या. त्यांपैकीं पुष्कळ १८८५ सालीं लंडन येथें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. या श्रमांवर आधारलेला दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ सालीं निघाला. पेस्तनजी बमनजींसारखे विद्यार्थी लेण्यांत बसून रेषा उतरीत राहिले, परंतु ग्रंथ झाला तो गुरूच्या नांवानें. शिष्यांचा हात तयार झाला, लेखणी तयार झाली नाहीं. 'युवा' योजनेंत शिष्य हाच ग्रंथकार आहे, आणि तो स्वभाषेंत लिहूं शकतो. हा भेद लहान नव्हे.

आतां दोष. पहिला विषयाचा. पहिल्या आवृत्तीस राष्ट्रीय चळवळ, दुसरीस लोकशाही असे विषय वरूनच नेमून दिलेले होते. तिसरींत भारतीय ज्ञानपरंपरा आली, म्हणून मूर्ति व मंदिरें यांस मागील दारानें कां होईना, प्रवेश मिळाला. दुसरा दोष काळाचा. मूळ आराखड्यांत सहांपैकीं तीन महिने शिक्षणास व तीन प्रसारास वांटून दिलेले होते. कादंबरीकारास हें कदाचित् पुरेल. ज्याचें साधन दगडांत आहे त्यास पुरणार नाहीं.

उदाहरण आमच्याच भागांतलें घेऊं. समर्थस्थापित म्हणून प्रसिद्ध असलेले अकरा मारुति आजच्या सातारा, सांगली व कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत आहेत. त्यांपैकीं बह्याचा मारुति आष्ट्याच्याच वाळवें तालुक्यांत, कृष्णेच्या बेटावर आहे. दुसरा शेजारीं शिराळ्यास. भाविकाची दृष्टि सोडून मूर्तिशास्त्राच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास निराळेच प्रश्न उभे राहतात. शेंदराच्या पुटांखालीं मूळ घडण किती व मागाहूनची किती? घडविणारा हात एक, कीं ठिकठिकाणचे पाथरवट निरनिराळे? मसुरची मूर्ति चुन्याची सांगतात, मग दगडाच्या मूर्तींशीं तिची तुलना कोणत्या मापानें करावी? विजयनगराकडे व्यासरायांच्या नांवावर सांगितल्या जाणाऱ्या मारुतिमूर्तींशीं यांचें कांहीं नातें आहे काय?

यांची उत्तरें ग्रंथालयांत बसून मिळत नाहींत. पुजाऱ्याचा विश्वास संपादून मापें घ्यावयाचीं, मठांतील मोडी कागद वाचावयाचे, बखरींतील कथन कागदांशीं ताडून पाहावयाचें. आणि मध्येंच कृष्णेस पूर आला तर बेटाची वाट पाण्याखालीं जाते. नदी कांहीं योजनेची मुदत पाहून उतरत नाहीं. अशा वेळीं तरुण काय करील? हातीं असलेलीं पुस्तकें पुढें ठेवून नवें पुस्तक करील. पुस्तकांची संख्या वाढेल, ज्ञान तेथेंच राहील.

तिसरा दोष वयाचा. मिरजेस संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांचा जन्म १८५८ चा. पटवर्धनी दप्तरांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' त्यांनीं प्रसिद्ध करूं लागले ते चाळिशीच्या सुमारास. तिशीची अट लाविली असती तर त्यांचा अर्जही स्वीकारला गेला नसता. संशोधनांत होतकरूपण जन्मपत्रिकेवरून ठरत नाहीं, त्या विषयांत किती वर्षें घातलीं यावरून ठरतें.

चरकानें ज्यास तद्विद्यसंभाषा म्हटलें आहे, म्हणजे त्याच विद्येच्या जाणत्याशीं होणारी चर्चा, तिची जागा लेखनकलेचा सामान्य उपदेश घेऊं शकत नाहीं. म्हणून कलेतिहासापुरती तरी मुदत दोन वर्षांची असावी. मार्गदर्शक दोन असावेत, एक भाषेचा व दुसरा शिष्यासह मूर्तीपुढें उभा राहणारा. आणि छायाचित्रें व रेखाटनें यांचा खर्च विद्यावेतनाहून निराळा धरावा. ग. ह. खरे यांचें 'मूर्तिविज्ञान' १९३९ सालीं मराठींत झालें, तें मूर्ति प्रत्यक्ष पाहणाऱ्या माणसाच्या हातून. सरकारास हें जमेल तेव्हां जमेल. इतिहाससंशोधनाच्या संस्थांनीं आपल्या सभासदांपैकीं एकेका जाणत्याकडे एकेक तरुण सोंपविण्यास मात्र कोणाच्याही मंजुरीची गरज नाहीं.

आष्टा, जि. सांगली