दुष्ट परीगण, भूमिकात्मक खेळांतील

मेजाभोवती बसून, फासे टाकून व कल्पित पात्रांच्या भूमिका घेऊन खेळावयाच्या अद्‌भुतरम्य खेळांतील अपकारी परीसदृश जीवांचा वर्ग. त्यांतील बऱ्याच जीवांचे मूळ ब्रिटिश बेटांतील लोककथांत आहे. स्कॉटिश लोकसमजुतीत परीगणांचे ‘सीली’ (अनुकूल) व ‘अनसीली’ (प्रतिकूल) असे दोन दरबार मानीत. दुष्ट परीगण हे दुसऱ्या दरबाराचे वारस होत.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) हा या प्रकारचा पहिला प्रकाशित खेळ मानला जातो. त्याच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ (१९७७) या राक्षसकोशात ड्रायड, निक्सी, पिक्सी इ. जीव वर्णानुक्रमे विखुरलेले होते. तिसऱ्या आवृत्तीत (२०००) ‘फे’ हा स्वतंत्र वर्ग झाला, तर चौथीने (२००८) ‘फेवाइल्ड’ हे त्यांचे स्वतंत्र जग कल्पिले.

लोककथेतून खेळात येताना या जीवांचे बाह्यरूप टिकले. त्यांच्यामागील निर्बंधांची कल्पना मात्र क्षीण झाली. रेडकॅप हे याचे ठळक उदाहरण होय. विल्यम हेंडरसन याने १८६६ मध्ये नोंदविलेल्या सीमाप्रदेशीय समजुतीप्रमाणे हा पिशाच्चवत जीव पडक्या गढ्यांत राहतो व वाटसरूंच्या रक्ताने आपली टोपी रंगवितो. त्याच्यापुढे मनुष्यबळ निष्फळ ठरते. धर्मवचनाने वा क्रूसाने मात्र तो पळतो. ‘व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स’ (२०१६) मधील रेडकॅपजवळ टोपी आहे, लोखंडी बूट आहेत. परंतु प्राणांक संपेपर्यंत घाव घातले की तो मरतो. ज्या भीतीचे मर्म शस्त्राच्या वैफल्यात होते, ती येथे शस्त्रानेच निवारली जाते. लोखंडाचेही तसेच झाले. पाळण्यावर कात्री टांगून बालकाचे रक्षण करण्याची प्रथा होती. खेळाच्या २००३ च्या सुधारित नियमांत ‘शीतलोह’ हे मुख्यतः शस्त्राचे द्रव्य ठरले. घराचे संरक्षण योद्ध्याचे साधन बनले.

याला अपवाद ‘हॅग’ या कुरूप चेटकिणींचा. पाचव्या आवृत्तीत (२०१४) त्या सौदे करतात व माणसाला त्याच्याच शब्दांत अडकवितात. येथे बळापेक्षा सावधपणा मोलाचा ठरतो. संचालक व खेळाडू यांच्या संभाषणातून घडणारा हा खेळ निषेध, वचन व त्याचा भंग यांसाठी वस्तुतः अत्यंत अनुकूल आहे. ते सामर्थ्य केवळ अंकांवर सोपविले, की परीगण हे वेगळ्या वेषातील सामान्य शत्रू उरतात.