गांबुंगचा धनी आणि धनीण

हेला हासे यांची ‘हेरेन व्हान दे थे’ (चहाचे धनी) ही डच कादंबरी १९९२ साली आली. डच वसाहतकाळच्या बाताव्हियात (आजच्या जकार्तात) जन्मलेल्या हासे यांनी ती केर्कहोव्हन घराण्याच्या जपून ठेवलेल्या पत्रांवर आणि कागदपत्रांवर उभी केली. माणसं खरी, मळाही खरा. पश्चिम जावाच्या डोंगरातला गांबुंग.

डेल्फ्टला शिकलेला रूडॉल्फ केर्कहोव्हन १८७३ मध्ये तिथं पाय ठेवतो, तेव्हा सरकारी कॉफीचा मोडकळलेला मळा रानानं गिळलेला असतो. १८७० च्या जमीन कायद्यानं पंचाहत्तर वर्षांच्या भाडेपट्ट्याची वाट खुली केलेली. जंगलतोड, रोपं, पुढं चिनी वाणाऐवजी आसामी चहा, आणि घरच्यांशी भागभांडवलाची न संपणारी घासाघीस. हासे हे सगळं इतक्या बारकाईनं लिहितात की, आपणही रूडॉल्फच्या बाजूनं हिशेब मांडू लागतो. तो प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, तिथली सुंदानी भाषा शिकतो. त्याला खलनायक करणं सोपं होतं. लेखिकेनं ते टाळलं, आणि मला कादंबरीचं खरं बळ तिथंच दिसतं.

कारण त्याच घरात त्याची बायको येनी आहे. १८७८ मध्ये लग्न होऊन आलेली, पाच मुलांची आई. बाळंतपणं, आडरानातला एकांत, शिक्षणासाठी हॉलंडला धाडलेली मुलं. प्रसंग तोच असतो, पण नवऱ्याला जिथं मळ्याची प्रगती दिसते तिथं ती आतून खचत चाललेली असते. लेखिका मध्ये पडून कुणाचा न्याय करत नाही. रूडॉल्फ बायकोवर मनापासून प्रेम करतो आणि तरीही त्याला ती दिसत नाही, हे वाचताना जीव तुटतो. १९०७ मध्ये येनी जाते. तोवर मळा भरभराटीला आलेला असतो.

चहा खुडणाऱ्या सुंदानी बायका मात्र कडेलाच राहतात. धन्यांच्या पत्रव्यवहारात त्यांचा आवाज कुठून असणार? हासे यांनी तो कल्पनेनं भरून काढला नाही. काही वाचकांना ही उणीव वाटेल. मला तो संयम पटतो, कारण रूडॉल्फ मळ्याला ‘आपला’ म्हणतो तेव्हा ही रिकामी ठेवलेली जागा फार जड होते. पोटच्या पोरासारखं जपलेलं ते रान मुळात कुणाचं होतं, हा प्रश्न त्याला एकदाही छळत नाही. वाचकाला छळतो.