सहावे द्वार : 'यात्रिकक्रमण' आणि मारकथा

ख्रिस्ती आणि बौद्ध साधनेची तुलना करताना आपल्याकडील व्याख्यानांतून एक विधान वारंवार ऐकू येते. ख्रिस्ती माणसाचा सैतान बाहेर असतो, म्हणून तो प्रार्थना करतो; बौद्धाचा मार मनात असतो, म्हणून तो प्रयत्न करतो. विधान आटोपशीर आहे. परंतु दोन्ही परंपरांच्या ग्रंथांपुढे ते टिकत नाही. त्याच्या परीक्षणासाठी मराठीत फार पूर्वी आलेली एक ख्रिस्ती कृती घेणे सोयीचे ठरेल. जॉन बन्यन या इंग्रज धर्मोपदेशकाचे 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' हे रूपक १६७८ साली प्रसिद्ध झाले. हरि केशवजी यांनी केलेला त्याचा अनुवाद 'यात्रिकक्रमण' या नावाने १८४१ साली निघाला. मराठी कादंबरीच्या पूर्वेतिहासात त्याचा उल्लेख होतो. तथापि तो साधनाग्रंथ म्हणूनही वाचण्याजोगा आहे.

या रूपकातील यात्रिकाला प्रारंभीच एक व्यवहारचतुर गृहस्थ भेटतो. तो पापाची गोडी लावीत नाही. उलट, इतके कष्ट कशासाठी, जवळच्या गावी सदाचरणाने सुखात राहता येईल, असा सल्ला देतो. पालीच्या अभ्यासकाला येथे सुत्तनिपातातील पधानसुत्ताची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. नेरंजरेच्या काठी बोधिसत्त्वासमोर येणारा मार प्रथम करुण वाणीनेच बोलतो. तू कृश झाला आहेस, मरण जवळ आले आहे, जगलास तर पुण्य करशील, असा त्याचा युक्तिवाद आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील सैतानही धर्मग्रंथाचाच आधार घेऊन येशूला भुलवू पाहतो. म्हणजे भुलवणूक बहुधा हितोपदेशाच्या वेषात येते, याविषयी तिन्ही ग्रंथांचे एकमत आहे.

दुसरा प्रसंग अधिक सूक्ष्म आहे. मृत्युच्छायेच्या खोऱ्यातून जाताना एक दुष्टात्मा मागून येऊन यात्रिकाच्या कानात ईश्वरनिंदेचे शब्द कुजबुजतो आणि ते आपल्याच मनातून उठले, असे वाटून यात्रिक व्याकुळ होतो. येथे 'बाहेरचा सैतान' हे सुलभ वर्णन गळून पडते. बन्यनला जो भेडसावतो तो शत्रू विचाराच्या रूपाने येतो. मार्काच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात तर दुष्ट विचारांचे उगमस्थान म्हणून मानवी अंतःकरणच दाखविले आहे. उलट संयुत्तनिकायातील मार ब्राह्मणाचे, शेतकऱ्याचे रूप घेऊन चक्क बाहेरून येतो. आपल्या जिल्ह्यातील अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात त्याची सेना आणि त्याच्या कन्या दगडात कोरलेल्या आहेत. शिल्पीला विचार कोरता येत नाही. म्हणून तो सेना कोरतो. रूपककाराचीही तीच अडचण असते.

मग भेद कोठे आहे? बन्यनच्या मते यात्रिकाचे समाधान 'हा आवाज माझा नव्हे, दुसऱ्याचा आहे' हे ओळखण्यात आहे. पालीतील उत्तर निराळे आहे. उठलेला वितर्क माझा नाही आणि दुसऱ्या कोणाचाही नाही. तो कारणांनी उठला आहे आणि कारणे थांबताच थांबेल. मज्झिमनिकायातील वितक्कसण्ठानसुत्त याच कारणांचा माग काढावयास शिकविते.

शब्दानेही आपणास फसविले आहे. शुभवर्तमानातील ग्रीक शब्द 'पेइरास्मोस' कसोटी आणि भुलवणूक असे दोन्ही अर्थ धारण करतो. मराठी ख्रिस्ती लेखनात त्यासाठी 'परीक्षा' आणि 'मोह' हे दोन्ही शब्द रूढ झाले. पालीत मात्र मोह म्हणजे आकर्षण नव्हे. लोभ, दोस आणि मोह या तीन अकुशलमूलांपैकी मोह म्हणजे अज्ञान, न दिसणे. मराठी बौद्ध जेव्हा 'मोहाला बळी पडू नये' म्हणतो, तेव्हा तो नकळत लोभाविषयी बोलत असतो, आणि न दिसण्याचा मूळ प्रश्न तसाच राहतो.

बन्यनच्याच १६८२ सालच्या 'होली वॉर' या रूपकात मानवी आत्मा हे एक नगर आहे. डोळा, कान, नाक, मुख आणि स्पर्श ही त्याची पाच द्वारे. नागरिकांच्या संमतीवाचून त्याचा तट फुटत नाही. संयुत्तनिकायाच्या सळायतनवर्गातील किंसुकसुत्तातही सीमेवरचे नगर आहे आणि स्मृती हा त्याचा द्वारपाल आहे. परंतु तेथे द्वारे सहा आहेत. सहावे द्वार म्हणजे स्वतः मन. बन्यन कुजबुजीच्या प्रसंगात हे द्वार अनुभवतो. नगराच्या आराखड्यात मात्र त्याला स्थान देत नाही. त्याच्या नगरात मध्यभागी राजवाडा आहे आणि त्याचा खरा स्वामी परत आला की नगर सुरक्षित होते. पाली नगराचा स्वामी विज्ञान आहे, आणि तेही अनित्यच. म्हणून तेथे पहारा कोणावर सोपविता येत नाही. प्रार्थना दुबळी आणि प्रयत्न सबळ, असा हा भेद नाही. रक्षण कशाचे करावयाचे याविषयीच्या दृष्टीचा हा भेद आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात मारपुत्रांचा अर्थ दुष्ट विचार आणि विकार असाच लावला. या विवेकनिष्ठ अर्थाचा आपणास अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. परंतु मार मनात आहे, असे म्हटल्याने तो जिंकला जात नाही. पधानसुत्तात माराच्या सेनांची गणना काम, अरति, भूक-तहान, तृष्णा येथून सुरू होते, लाभ, कीर्ती व सत्कार यांपर्यंत जाते आणि स्वतःची थोरवी व इतरांची निंदा यांवर संपते. सर्वांत शेवटी उभी असलेली ही सेना धर्मोपदेशकाला सर्वांत जवळची असते.

मराठवाड्यातील अनेक वस्त्यांत विहार आणि चर्च शेजारी उभे आहेत. दोन्हींकडे जाणाऱ्यांचे पूर्वज एकाच अन्यायातून बाहेर पडले. त्यांच्यापुढे 'तुमचा सैतान, आमचा मार' अशी तुलना मांडून जो टाळ्या मिळवितो, त्याची पाच द्वारे कदाचित बंद असतील. सहावे मात्र सताड उघडे असते. तुलनात्मक अभ्यासाचे पहिले प्रयोजन त्या द्वारावर पहारा बसविणे हे असावयास हवे.