लोणारचं पाणी खरंच गुलाबी होतं का?

जून २०२० मधले लोणार सरोवराचे फोटो आठवतात? आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं हे हिरवट पाणी अचानक गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी स्थिर ठेवलं, तेव्हा गुलाबी साका तळाशी बसला आणि वरचं पाणी रंगहीन झालं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच, तर खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा होता.

मग डोळ्यांनी आपल्याला फसवलं का? डोनाल्ड हॉफमन तर याहून पुढे जातात. 'द केस अगेन्स्ट रिअ‍ॅलिटी' (२०१९) या पुस्तकात ते म्हणतात की आपली ज्ञानेंद्रियं सत्य दाखवायला नव्हे, तर जगवायला घडली आहेत. स्क्रीनवरचा आयकॉन निळा असला म्हणून आतली फाइल निळी नसते. तसंच रंगांचं, आकारांचं, अगदी अवकाश-काळाचंही.

रंगांपुरतं मला हे पटतं. गुलाबी रंगाची स्वतःची एक अशी तरंगलांबीच नसते. पण पुढची उडी पटत नाही. उत्क्रांती खरी आहे हे आपल्याला कशावरून कळलं? जीवाश्म आणि प्राणी पाहूनच ना! हॉफमन म्हणतील, मी फक्त उत्क्रांतीचं गणित वापरतो. ठीक. पण ते गणित सजीवांना लागू पडतं, हे निरीक्षणाशिवाय कसं ठरवणार? आणि आयकॉन कचरापेटीत टाकला की फाइलही जाते. म्हणजे आयकॉनचं आतल्या फाइलशी काहीतरी पक्कं नातं असतंच.

लोणारचंच बघा. बेसॉल्ट खडकातलं हे विवर ज्वालामुखीचं आहे, असं अनेकांना वाटायचं. १९७३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातल्या निबंधाने तिथल्या खडकात मास्केलिनाइट दाखवलं. प्रचंड धक्क्याने फेल्डस्पार खनिजाची अशी काच होते. ज्वालामुखीत होत नाही. म्हणून हे आघाती विवर ठरलं. नुसत्या नजरेची चूक सापडली ती पुन्हा, वेगळ्या साधनाने पाहिल्यावरच.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायला बसाल, तेव्हा वहीत तीन रकाने आखा: काय दिसलं, कशातून दिसलं, त्यावरून मी काय ठरवलं. मुलाखतीत गाइड नेमकं तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवतात. तेव्हा 'इंद्रियं फसवतातच' असं म्हणून सुटका होत नाही. दुसरं कसं तपासलं, ते सांगावं लागतं.